रेज अगेन्स्ट द मशीनचा पहिला अल्बम: चार माणसं, थोडे सूर आणि मोकळी जागा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमचा कॉलेजचा बँड आहे. मराठीत रॅप आणि जड गिटार असं काहीतरी करतोय. जो तो रेज अगेन्स्ट द मशीनचा १९९२चा पहिला अल्बम ऐकायला सांगतो. ऐकला. घोषणा जोरदार आहेत, पण गाणी एकसुरी वाटली, तोच रिफ फिरत राहतो. अमेरिकेचं तेव्हाचं राजकारण बाजूला ठेवलं तर यात संगीत म्हणून शिकण्यासारखं काय आहे?"

मी गिटार वाजवतो, शिकवतो आणि नव्या बँडची रेकॉर्डिंगं करतो. त्यामुळे उत्तर वाजवणाऱ्याच्या बाजूने देतो. तुम्हाला जे एकसुरी वाटलं तेच या अल्बमचं बळ आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. या चौघांनी जाणूनबुजून कमी वाजवलंय. एका गाण्यात दोन-तीन रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारे गिटारचे छोटे तुकडे, क्वचित चौथा. एवढ्याशा सामानातून ते ताण कसा चढवतात, कुठे थांबतात, कोण कधी गप्प बसतो, ते ऐकायचं. आणि राजकारण बाजूला ठेवून हे नीट ऐकू येणार नाही, कारण गाण्याची बांधणी त्यातल्या म्हणण्यावरूनच ठरलेली आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. बँड १९९१ साली लॉस एंजेलिसमध्ये जमला. गायक झॅक दे ला रोचा, गिटारवर टॉम मोरेलो, बेसवर टिम कॉमरफर्ड, ड्रम्सवर ब्रॅड विल्क. झॅक आधी 'इनसाइड आऊट' नावाच्या हार्डकोर पंक बँडमध्ये ओरडत होता. त्याचे वडील बेटो दे ला रोचा हे चिकानो, म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन लोकांच्या, चळवळीतले चित्रकार, 'लॉस फोर' या गटातले. मोरेलो हार्वर्डचा पदवीधर, वडील केनियाचे राजनैतिक अधिकारी, आई शाळेत शिक्षिका. म्हणजे राजकारण दोघांच्याही घरात होतं, ते अल्बमसाठी वरून आणलेलं नव्हतं. मार्च १९९१मध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी मारहाण केली, त्याचा व्हिडिओ जगभर दिसला. २९ एप्रिल १९९२ला ज्युरीने त्या पोलिसांना जवळजवळ पूर्ण मोकळं सोडलं आणि शहर पेटलं. अल्बम आला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. मुखपृष्ठावर माल्कम ब्राऊन यांनी जून १९६३मध्ये सायगावच्या रस्त्यावर टिपलेला फोटो आहे: दक्षिण व्हिएतनामचं सरकार बौद्धांवर करत असलेल्या दडपशाहीविरुद्ध स्वतःला पेटवून घेतलेले भिक्षू थिच क्वांग डुक. आगीच्या मधोमध ते ताठ बसलेले आहेत. अल्बम ऐकताना हा फोटो समोर ठेवा. आतल्या संगीताची शिस्त तशीच आहे.

आता 'किलिंग इन द नेम' घेऊ, कारण एकसुरीपणाचा आरोप सगळ्यात जास्त याच गाण्यावर होतो. पूर्ण गाण्यात वेगळ्या ओळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांचा आशय असा की, वर्दीतले काही जण आणि क्रॉस जाळणारे वर्णद्वेषी ही एकच माणसं आहेत, आणि त्यांच्या हातून होणाऱ्या हत्यांना बिल्ला दाखवून योग्य ठरवलं जातं. मग एक ओळ येते: आता तुम्ही त्यांनी सांगितलं तसंच करता. ही ओळ पुन्हा पुन्हा येते, कवायतीसारखी, आणि खाली रिफ त्याच जागी ठोकत राहतो. गाण्याच्या शेवटी दुसरी ओळ येते: तुम्ही सांगाल ते मी करणार नाही, आधी एक शिवी. तीही तशीच पुन्हा पुन्हा. पहिल्या अर्ध्यात आज्ञापालन घोकलं जातं, शेवटी नकार घोकला जातो. एवढंच गाणं आहे. इथे दहा रिफ आणि चार कडवी घातली असती तर हा अर्थच उभा राहिला नसता.

शेवटचा चढाव मी विद्यार्थ्यांना नेहमी हेडफोनवर ऐकायला लावतो. गिटारचा सोलो संपतो, आवाज खाली येतो, झॅक जवळजवळ पुटपुटत सुरुवात करतो. गिटार आणि बेस रिफ धरून आहेत, लय तीच. प्रत्येक फेरीला आवाज थोडा चढतो, ड्रम्सचे आघात वाढतात, पण कुणीही घाई करत नाही, कुणीही नवी सुरावट आणत नाही. मग एका समेवर सगळे एकदम तुटून पडतात. आपल्याकडचे बहुतेक नवे बँड हा चढाव करताना वेग वाढवतात. वेग वाढला की ताण सुटतो. इथे लय जागेवर आहे म्हणून ऐकणाऱ्याच्या अंगात तो ताण साठत जातो. याच गाण्याच्या सुरुवातीला, शीर्षकाची ओळ येण्याआधी वाद्यं थांबतात ती जागाही बघा. शांतता किती लांब ठेवायची हे चौघांना सारखंच माहीत आहे.

हा रिफ मोरेलोला सुचला तो एका विद्यार्थ्याला ड्रॉप डी ट्यूनिंग शिकवताना. ड्रॉप डी म्हणजे गिटारची सर्वात जाड तार ई वरून एक पूर्ण स्वर उतरवून डी वर आणायची. मग जाड तीन तारांवर एकच बोट आडवं ठेवलं की पॉवर कॉर्ड, म्हणजे रॉकमधला दोनच स्वरांचा जड कॉर्ड, मिळतो, हात मोकळा राहतो आणि रिफ झपाझप सरकवता येतो. तुमच्या गिटारवाल्याला हे माहीत असेलच. पण त्याला सांगा, डावा हात जितकं वाजवतो तितकंच दाबून बंदही करतो. या रिफमधले तुटक, मिटवलेले आघात काढून टाका आणि नुसते सूर वाजवा, गाणं लगेच मरतं. मोरेलो मेटलच्या गिटारने फंकचं, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ठेकेदार नाच-संगीताचं, काम करतोय. फंकमध्ये दोन आघातांमधली जागा हाही वाद्याचा भाग असतो.

अल्बमच्या आतल्या कागदावर एक ओळ छापलेली आहे: या रेकॉर्डिंगमध्ये सॅम्पल (दुसऱ्या रेकॉर्डवरून उचललेले तुकडे), कीबोर्ड किंवा सिंथेसायझर वापरलेले नाहीत. ती लिहावी लागली, कारण ऐकणाऱ्याला डीजे स्क्रॅच करतोय, सायरन वाजतोय, यंत्र बिघडलंय असे आवाज येतात, आणि ते सगळे गिटारमधून आलेले आहेत. यातली एक युक्ती घरी करून बघा. दोन पिकअप (तारांचा आवाज पकडणारे भाग) आणि प्रत्येकाला स्वतंत्र व्हॉल्यूम असलेली गिटार लागेल, लेस पॉल पद्धतीची. गळ्याकडच्या पिकअपचा व्हॉल्यूम शून्यावर, ब्रिजकडचा पूर्ण. आता पिकअप निवडायचा टॉगल स्विच इकडून तिकडे केला की आवाज चालू-बंद होतो. डाव्या हाताने एक सूर धरून ठेवा आणि उजव्या हाताने स्विच एका मात्रेत चारदा, नेमक्या तालात हलवा. सूर तुकड्यातुकड्याने येतो. डावा हात तारांवर घासत स्विच हलवला की टर्नटेबलवर तबकडी मागे-पुढे ओढल्यासारखा आवाज निघतो. ज्या गिटारला एकच मास्टर व्हॉल्यूम आहे तिच्यावर हे जमत नाही. तिला वेगळं किल स्विचचं बटण बसवून घ्यावं लागतं, कुठलाही बरा गिटार दुरुस्तीवाला ते करून देतो.

याच्या जोडीला गिटारचा आवाज बदलणारी उपकरणं: वाह पेडल, डिले आणि डिजिटेकचा व्हॅमी पेडल. व्हॅमीवर पाय दाबत नेला की वाजत असलेला सूर सप्तकाच्या अंतराने वर पळतो. 'किलिंग इन द नेम'चा सोलो त्यावर आहे. त्यात सुरांच्या करामती थोड्याच, पण पाय आणि हात एकाच तालात चाललेत. मोरेलोला जलद बोटं चालवता येत नव्हती अशातला भाग नाही. तो ऐंशीच्या दशकातल्या वेगवान गिटारवाल्यांना ऐकत, तासन्‌तास सराव करत तयार झालेला वादक आहे. सोलो म्हणजे स्वतःचं कौशल्य दाखवण्याची जागा, हा मेटलमधला रिवाज त्याने बाजूला ठेवला आणि सोलोला रॅप गाण्यातल्या डीजेचं काम दिलं. माझ्या मते हा या अल्बमचा सर्वात मोठा सांगीतिक शोध आहे. रॉक बँड एरॉस्मिथ आणि रॅप गट रन-डीएमसी यांचं 'वॉक धिस वे' १९८६ला आलं, मेटल बँड अँथ्रॅक्स आणि रॅप गट पब्लिक एनिमी यांनी १९९१ला 'ब्रिंग द नॉइझ' एकत्र केलं. तिथे दोन पक्ष एका मंचावर आले. इथे गिटारच हिप-हॉप बोलायला लागली.

बेस आणि ड्रम्सबद्दल लोक कमी बोलतात, आणि तुमच्यासारख्या बँडने सगळ्यात आधी तेच ऐकायला हवं. एकच गिटार असलेला बँड सोलोच्या वेळी पोकळ वाटतो, हा सगळ्यांचा अनुभव. कॉमरफर्ड ती पोकळी कशी भरतो बघा. रिफ असताना तो बहुतेक वेळा गिटारचीच ओळ एक सप्तक खाली वाजवतो, त्यामुळे एका गिटारचा आवाज भिंतीएवढा रुंद होतो. गिटार सोलोला निघाली की बेसच रिफ धरून ठेवतो. 'टेक द पॉवर बॅक'ची सुरुवात त्याच्या स्लॅप वाजवण्याने होते. तारेवर अंगठा आपटायचा, बारीक तार बोटाने ओढून सोडायची. हे गाणं शाळेत शिकवल्या जाणाऱ्या एकांगी, युरोपकेंद्री इतिहासाविरुद्ध आहे, आणि ते नाचायला लावणाऱ्या फंकवर बसवलेलं आहे. 'बुलेट इन द हेड'मध्ये बेसची ओळ बराच वेळ एकटीच गाणं वाहून नेते, गिटार अधूनमधून नुसते आवाज टाकते. गाणं टीव्हीवरून पसरवल्या जाणाऱ्या युद्धप्रचाराबद्दल आहे. आखाती युद्ध तेव्हा ताजं होतं. उत्तरार्धात रिफ बदलतो, सगळे एकत्र येतात आणि गाणं फुटतं. अल्बमवर या गाण्याचं जे रेकॉर्डिंग आहे ते बँडने १९९१ला स्वतः काढलेल्या, कार्यक्रमांत विकलेल्या डेमो कॅसेटवरचंच आहे. मोठ्या कंपनीचे पैसे हाताशी असूनही त्यांनी तो जुना टेक, म्हणजे एका दमात वाजवलेलं रेकॉर्डिंग, तसाच ठेवला. तुमच्या हातात स्वस्त रेकॉर्डिंगचा चांगला टेक असेल तर तो फेकू नका.

ब्रॅड विल्क भरगच्च वाजवत नाही. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) साधे, हाय-हॅट (झांजांची जोडी) कधी उघडा कधी बंद, फिल, म्हणजे मधल्या भरावाचे तुकडे, अगदी मोजके. झॅकच्या शब्दांना जागा हवी असते तिथे तो मागे सरतो. मेटलच्या सवयीचा ड्रमर इथे दोन्ही पायांनी किक भरून टाकेल आणि रॅपचे शब्द त्यात बुडतील. तुमच्या ड्रमरला 'नो युवर एनिमी' सोबत वाजवायला लावा, आणि अट घाला की मूळ रेकॉर्डवर नसलेला एकही ठोका घालायचा नाही. किती अवघड आहे ते त्याला कळेल. त्या गाण्यात मधल्या भागात टूल या बँडचा गायक मेनार्ड जेम्स कीनन आहे, आणि त्याचा लांब, गायलेला सूर आल्याबरोबर झॅकच्या तुटक उच्चारांची धार आणखी जाणवते.

झॅकबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर निव्वळ रॅपच्या कसोटीवर तो त्या काळातल्या अव्वल रॅपरांच्या रांगेत बसत नाही. यमकं ओळीच्या शेवटी ठरल्या जागी येतात, तालाशी लपंडाव फारसा नाही. त्याचं कसब दुसरीकडे आहे. व्यंजनं तो आघातवाद्यासारखी वापरतो, आणि आवाजाच्या पायऱ्या त्याच्या पूर्ण ताब्यात असतात: कुजबुज, बोलणं, ताणलेलं बोलणं, ओरडणं, किंकाळी. पंकमधून आल्यामुळे किंकाळी कधी वापरायची नाही हेही त्याला कळतं. 'वेक अप' ऐका. मार्टिन ल्यूथर किंग आणि माल्कम एक्स यांच्यावर एफबीआयने ठेवलेली पाळत, चळवळी आतून मोडण्याचे डाव, हा विषय. गाण्याच्या मध्यावर वाद्यं उतरतात आणि तो एफबीआयच्या अंतर्गत टिपणातला मजकूर जवळजवळ सपाट आवाजात वाचतो. सरकारी कागद सरकारी आवाजात. त्यावर काही भाष्य करायची गरजच उरत नाही. शेवटी 'किती काळ? फार काळ नाही' हा सवाल-जवाब येतो, तो किंग यांच्या मार्च १९६५च्या माँटगोमेरीतल्या भाषणातून आलेला. भाषणातली लय किंकाळीत जशीच्या तशी पोचते. शाहिराने कवनात एखादा जुना अभंग ओढून आणावा आणि समोरच्या गर्दीने तो लगेच ओळखावा, तशी ही जागा आहे. १९९९च्या 'द मॅट्रिक्स' या चित्रपटाच्या शेवटी हेच गाणं वाजतं, त्यामुळे आपल्याकडे अनेकांनी ते अल्बम माहीत नसतानाही ऐकलेलं असतं.

सगळीच गाणी या उंचीची नाहीत. 'फिस्टफुल ऑफ स्टील' मला आजही ताणलेलं वाटतं. गिटारचे आवाज मजेदार आहेत, पण गाणं कुठे जात नाही. 'टाउनशिप रिबेलियन' दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध आहे आणि त्याची लय सुंदर आहे, शब्द मात्र घोषणेच्या पुढे सरकत नाहीत. तुमची तक्रार या दोन गाण्यांबद्दल असेल तर मी तुमच्या बाजूने आहे. उलट 'सेटल फॉर नथिंग'कडे लोक दुर्लक्ष करतात. संथ, हळू आवाजात सुरू होणारं, टोळीत ओढल्या गेलेल्या पोराच्या तोंडून आलेलं. गिटारचा स्वच्छ आवाज आणि अंगावर येणारा गोंगाट यांतलं अंतर या गाण्यात सर्वांत मोठं आहे.

रेकॉर्डिंगकडे वळतो, कारण माझं रोजचं काम ते आहे. निर्मिती गार्थ रिचर्डसन आणि बँडची. बराचसा भाग लॉस एंजेलिसमधल्या व्हॅन नाइसच्या साउंड सिटी स्टुडिओत झाला, चौघांनी एकत्र वाजवून, काही वेळा थोडे मित्र श्रोते म्हणून बोलावून. मिक्सिंग अँडी वॉलेसचं. 'वॉक धिस वे'चं मिक्सिंग याच माणसाने केलं होतं आणि स्लेयरसारख्या कडक मेटल बँडच्या रेकॉर्डिंगवरही त्याने काम केलं होतं, म्हणजे दोन्ही घराण्यांचं पाणी प्यायलेला. त्याने काय केलं, तर प्रत्येक वाद्याला आपापली जागा दिली आणि हळू भाग खरंच हळू ठेवले. नंतरच्या काळात सगळेच अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कमाल आवाजात दाबून काढायची रीत पडली, तसं इथे नाही. म्हणून आजही स्पीकर तपासायला अनेक ध्वनितंत्रज्ञ ही सीडी लावतात, मीही लावतो. कुठल्याही मोबाइल ॲपमध्ये 'आवाज समान करा' ही सोय चालू असेल तर ती बंद करून ऐका. एकसुरी वाटण्याचं एक कारण तेही असू शकतं.

सोनीच्या एपिक लेबलवरून व्यवस्थेविरुद्ध गाणं हा दुटप्पीपणा आहे का, हा वाद तेव्हापासून चालू आहे. बँडचं म्हणणं होतं की जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचायचं तर हाच रस्ता. मला एवढंच दिसतं की अल्बममधल्या एकाही गाण्याची धार त्यामुळे बोथट झालेली नाही. आणि २००९च्या नाताळात ब्रिटनमध्ये टीव्हीवरच्या गायन स्पर्धेच्या विजेत्याला मागे टाकून लोकांनी ठरवून 'किलिंग इन द नेम' पहिल्या क्रमांकावर नेलं. गाणं येऊन १७ वर्षं झाली होती.

'फ्रीडम' या शेवटच्या गाण्यात झॅक कुजबुजत म्हणतो की राग ही देणगी आहे. हे गाणं लेनर्ड पेल्टियर या अमेरिकेतल्या मूलनिवासी कार्यकर्त्याच्या तुरुंगवासाशी जोडलेलं आहे. दोन एफबीआय एजंटांच्या हत्येसाठी त्याला दुहेरी जन्मठेप झाली, आणि खटला अन्याय्य होता असं त्याचे समर्थक सतत सांगत आले. फेब्रुवारी २०२५मध्ये तो तुरुंगातून बाहेर आला, पुढची शिक्षा घरीच. विषय तीस वर्षांपूर्वीचा आणि म्हणून संपलेला, असं जे तुम्हाला वाटतंय, त्याबद्दल म्हणून हे सांगितलं.

आता तुमच्या मराठी गाण्यांचं. इंग्रजीत शब्दातल्या एका उच्चार-तुकड्यावर ठळक आघात असतो आणि झॅक तो बरोबर स्नेअरवर आणून टेकवतो. मराठीत तसा आघात फार ठळक नाही. आपल्याकडे वजन येतं ते दीर्घ स्वराने, जोडाक्षराने आणि शब्दाच्या सुरुवातीने. म्हणून अर्थाचा शब्द दीर्घ अक्षराने सुरू होईल आणि तेच अक्षर स्नेअरवर पडेल अशी ओळ बांधावी लागते. समजा ओळ आहे, 'हा सातबारा कुणाच्या नावावर आहे'. एका मात्रेत चार अक्षरं धरली, तर दुसऱ्या मात्रेवर, म्हणजे स्नेअरवर, 'रा' येतो. शब्दाचं शेपूट. ओळ बसल्यासारखी वाटते पण लागत नाही. तीच अशी करून बघा: 'कोणाचा सातबारा, कोणाच्या नावावर'. पहिल्या मात्रेत 'कोणाचा' आणि पाव मात्रा रिकामी, दुसऱ्यावर 'सातबारा', तिसऱ्यात 'कोणाच्या' आणि पुन्हा पाव मात्रा रिकामी, चौथ्यावर 'नावावर'. आता स्नेअर 'सा'वर आणि 'ना'वर पडतो. जमीन आणि नाव, ज्या दोन गोष्टींबद्दल ओळ आहे त्यांच्यावरच.

त्या दोन पाव मात्रा मात्र खरोखर रिकाम्या ठेवा. गिटारवाल्याचा हात तिथे आपोआप काहीतरी भरायला जाईल, त्याला अडवा. खाली एकच रिफ ठेवा, ड्रॉप डीमध्ये, बेस त्याच ओळीवर, आणि ती ओळ आठ वेळा फिरवा, पहिल्यांदा बोलण्याच्या आवाजात, लय न वाढवता. क्लिक (ताल धरायला कानात वाजणारा ठोका) न लावता, चौघं एका खोलीत, फोनवर रेकॉर्ड केलं तरी चालेल. ते पाठवा, ऐकून पुढचं सांगतो.